आखाजीला लावलेला निंब

वैशाखाचं कौतुक करणाऱ्या मंडळींना एकदा धुळ्यात आणून भर दुपारी बसस्टँडबाहेर उभं करावं, असं माझं फार दिवसांचं मत आहे. मोगरा खरा, माठाचं पाणी खरं, आंब्याची पाटीही खरी. पण ते सगळं सावलीत बसून. आमच्याकडे अकरा वाजले की रस्ते ओस पडतात. रिक्षावाले सीटवर ओलं फडकं टाकून पाय वर करून झोपतात. दुकानांची शटरं अर्ध्यावर येतात. घराघरांतून कूलरची घरघर सुरू होते आणि नुकत्याच बदललेल्या गवताचा ओला वास खोलीभर पसरतो. तो वास आला की माझं कामातलं लक्ष उडतं. दारं बंद, खिडक्या बंद, पडदे ओढलेले, आणि बाहेर कुणी एक अक्षर बोलत नाही. असा महिना मी एकदा काढला आहे.

यंदा आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर टूम निघाली आहे की आखाजीच्या मुहूर्तावर मोकळ्या प्लॉटमध्ये झाडं लावायची. अक्षय्य तृतीयेला लावलेलं झाड अक्षय राहतं, असं कुणीतरी टाकलं. त्याखाली हात जोडल्याची रांग लागली. एक निवृत्त साहेब बॅनर करून देणार आहेत. फोटोला ऊन नको म्हणून सकाळी लवकर जमायचंही ठरलं आहे. झाडाला ऊन नको, हे कुणाच्या डोक्यात आलेलं दिसत नाही. मग शेजारच्या वहिनींनी लिहिलं, ताई, तुम्ही गावाकडच्या, तुम्हीच सांगा ना जागा कोणती. मी लिहिलं आणि पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. आखाजीला खान्देशात रोप लावायचं म्हणजे तान्ह्या पोराला डांबरी रस्त्यावर अनवाणी उभं करायचं, हे काय ग्रुपवर लिहायची गोष्ट आहे? शिवाय आमच्या अंगणात एकदा आखाजीलाच झाड लावलं होतं, आणि लावणारा माणूस याबाबतीत मुळीच अडाणी नव्हता.

ते माझे वडील. त्यांना सगळं गाव आबा म्हणतं, म्हणून मीही आबाच म्हणते. गाव एरंडोलपासून जवळ, पद्मालयाकडे जाताना लागतं. शेत आहे, कपाशी आहे, बांधाला झाडं आहेत. झाड लावण्यात आबांचा हात धरणारं आमच्या गावात कुणी नव्हतं. पाऊस सुरू झाला की लगेच खड्डे घ्यायला धावणाऱ्यांना ते हसत. जमीन वीतभर खालपर्यंत ओली झाली का, हे ते बोट खुपसून बघत. मग जागा. आधी तिथे नुसता एक दगड ठेवायचा. सकाळी बघायचं, दुपारी बघायचं, सावली कुठून कुठे जाते, छपराच्या पावळीचं पाणी कुठे पडतं, म्हैस कुठे बांधलेली असते, ट्रॉली कुठून वळते. असा दगड चार-आठ दिवस अंगणात फिरत असे, आणि माय वैतागून म्हणे की त्या दगडालाच एकदाचं पाणी घाला. पण आबांनी लावलेलं झाड मेलं, असं मी तरी पाहिलं नाही.

त्या वर्षी मी आखाजीला माहेरी आले होते. लग्नाला दीड-दोन वर्षं झाली होती. सासर शिरपूर. घर सिमेंटचं, नळाला पाणी, नवरा एका खासगी कंपनीत कामाला. दिसायला नाव ठेवायला जागा नाही. फक्त एक होतं. तो सकाळी कामाला निघाला की दाराला बाहेरून कडी लावून जायचा. संध्याकाळी यायचा तेव्हा काढायचा. फोनही त्याच्याचकडे असायचा. सासू-सासरे खेड्यावर, घरात मी एकटी. दिवसा कुणी आलं, तर मी खिडकीतून बोलायची. बोहारीण आली, गॅसवाला आला, एकदा माझी मैत्रीण आली आणि गजांमधून माझा हात धरून उभी राहिली. जमाना वाईट आहे, तुझ्या काळजीनं करतो, असं तो म्हणायचा. आवाज न चढवता म्हणायचा. त्यामुळे तक्रार करायला घेतली की ती माझ्याच तोंडात पोरकट वाटायची.

आखाजीच्या आदल्या दिवशी मी ते मायला सांगितलं. आम्ही सांजोऱ्या लाटत होतो. चुलीवर तेल तापलेलं, घामानं पदर पाठीला चिकटलेला. बाहेर ओट्यावर आबा झोक्यासाठी दोर तपासत बसले होते. दरवर्षी आखाजीला गल्लीतल्या मोठ्या निंबाला झोका बांधतात आणि सासरहून आलेल्या पोरी दिवसभर झोके घेतात, गाणी म्हणतात, एकमेकींच्या सासवांची नक्कल करतात. तेवढे दोन दिवस कुणी कुणाला काम सांगत नाही. मी मान खाली घालून कडीचं सांगितलं. माय लाटायची थांबली नाही. सगळं ऐकून घेऊन तिनं विचारलं, "दारू पेस का तो? हात उचलस का? मंग?"

हा 'मंग' लोक मला आजही विचारतात. दारू नाही, मार नाही, मग काय? लोकांना दाखवायला अंगावर काहीतरी लागतं. ओट्यावर दोर ओढून बघण्याचा आवाज येत होता, तो मध्येच थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी आखाजी. सकाळी घागरी भरल्या, पितरांचा नैवेद्य झाला, आमरसाची वाटी सगळ्यांच्या पानात आली. बापे लोक जेवून पत्ते कुटायला पारावर गेले. आबा मात्र गेले नाहीत. ते मोरीपाशी गेले. तिथे सांडपाण्यावर आपोआप उगवलेलं निंबाचं एक हातभर रोप होतं. त्यांनी ते मातीच्या गोळ्यासकट उचललं आणि अंगणात भिंतीलगत, दिवसभर ऊन लागतं तिथे खड्डा घेऊन लावलं. दगड ठेवला नाही, सावली पाहिली नाही. भर वैशाखात, दुपारी. मी तोंडात बोट घालायची बाकी राहिले.

गावात ही बातमी झोक्यांच्या आधी पोहोचली. पारावरून माणसं मुद्दाम पत्ते टाकून बघायला आली. आबा, ऊन लागलं का डोक्याला, असं एकानं विचारलं. आज मुहूर्त चांगला शे, एवढंच आबा म्हणाले. ज्या माणसानं आयुष्यात कधी मुहूर्ताकडे बघून बी टाकलं नाही, तो म्हणतोय मुहूर्त चांगला आहे. मायनं कपाळावर हात मारला. झोक्यावरच्या पोरी तर दोन दिवस हसत होत्या, आणि मीही त्यांच्यात हसले.

दोन दिवसांनी पोरी आपापल्या सासरी जायला लागल्या. कुणाचा दीर मोटारसायकल घेऊन आला, कुणी एसटीनं गेली. मला न्यायला शिरपूरहून नाना आले. नाना म्हणजे माझ्या नवऱ्याचे चुलते, घरातले मोठे, सगळ्यांना धरून राहणारे. माणूस वाईट नव्हता. येताना केळी घेऊन आले होते. जळगाव जिल्ह्यात केळी भेट आणणारा माणूस मनानं वाईट असूच शकत नाही. चहा झाला, कपाशीच्या बियाण्याच्या गोष्टी झाल्या. माझी पिशवी मायनं भरून दाराशी ठेवली होती. मी आत चौकटीला धरून उभी. ती कडी सरकल्याचा लोखंडी आवाज मला तिथे, एरंडोलजवळच्या त्या घरात ऐकू येत होता.

आबा म्हणाले, बाईनं आखाजीचं झाड धरलंय, नेमच आहे तो, तिच्याच हातचं पाणी त्याला. बाई म्हणजे मी. ते मला कधी नावानं हाक मारत नाहीत. मी कसलं झाड धरलं होतं? मी तर हसत होते. मग ते नानांकडे न बघता म्हणाले, "झाड लागू द्या. मंग धाडसू."

नाना हसले. वैशाखात लावलं का झाड, म्हणून त्यांनी उठून जाऊन ते बघितलंसुद्धा. पण आखाजीचं, मुहूर्ताचं झाड. त्याला नाही कसं म्हणायचं? पाऊस पडेस्तोवर राहू द्या, म्हणाले. उन्हातान्हाची ती तरी कुठे प्रवास करणार. आणि केळी ठेवून एकटे परत गेले.

मला त्या दिवशी सुटल्यासारखं वाटलं. तो आनंद जेमतेम संध्याकाळपर्यंत टिकला. कारण संध्याकाळी मी झाडाला पाणी घालायला गेले, आणि तांब्या हातात असताना मला कळलं की हे जगलं तर मला जावं लागणार आहे.

आणि मेलं तर? मेलं तर दुसऱ्या दिवशी पिशवी पुन्हा दाराशी. म्हणजे जगायलाही नको होतं आणि मरायलाही नको. ते तसंच, ना जिवंत ना मेलेलं, राहायला हवं होतं. मी त्याच्यापुढे उकिडवी बसून होते. आपलं सगळं एका हातभर काडीला बांधून ठेवलंय म्हणून मला आबांचा राग आला. असा राग आला की तांब्या तिथेच ओतून टाकावा, भिंतीवर. पण पाणी मुळाशीच घातलं. पाणी वाया घालवायची आमच्याकडे सवय नाही.

मग तो महिना. आमच्या भागात उन्हाळ्यात घर दिवसभर बंद असतं. झळ आत येऊ नये म्हणून दारं लोटतात, खिडक्यांना गोणपाट लावतात. अंधारात सगळी माणसं जमिनीवर पाण्याचा हात फिरवून आडवी होतात. आतून कडी असते. मी त्या कडीकडे बघत पडून राहायची. मनात आलं तर उठून उघडता येईल, एवढा एकच फरक शिरपूरच्या दुपारीत आणि या दुपारीत होता. उघडून जाणार कुठे, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच. सकाळ-संध्याकाळ अंगणात जावं तर बाया विचारत, "कवय जाशी, बाई?" कधी जाणार, असं प्रेमानं विचारत. पहिल्यांदा प्रेमानं, मग काळजीनं, मग एकमेकींकडे बघून. मी सगळ्यांना झाडाकडे बोट दाखवायची. लग्न झालेली पोरगी झाडासाठी माहेरी बसलीय. हसावं की रडावं, त्यांनाही कळत नसणार.

रोपाची पानं आठवड्यातच करपली आणि एकेक करून गळली. उरली नुसती काडी. आबांनी पऱ्हाटीच्या, कपाशीच्या वाळल्या काड्या रोवून त्यावर गोणपाट टाकलं, फुटक्या माठाला खाली भोक पाडून त्यात चिंधी घातली आणि तो मुळाशी पुरला. मी माठ भरायची. रोज नखानं काडीची साल खरवडून बघायची. आत हिरवं दिसलं की छातीत धस्स व्हायचं, आणि हिरवं दिसलं म्हणून बरंही वाटायचं. या दोन गोष्टी एकाच वेळी कशा होतात, ते मला सांगता येणार नाही, पण होतात.

माय त्या महिन्यात माझ्याशी बोलायची ती फक्त कामाचं. तिची चूक नाही. तिला घरात सून आणायची होती, माझ्या भावाची सोयरीक चालली होती, आणि बहीण माहेरी बसलेली म्हटल्यावर लोक पाणी प्यायलाही थांबत नाहीत. मला ते माहीत होतं. तिला माहीत होतं की मला माहीत आहे. पापड लाटून झाले, कुरडया झाल्या, वर्षाची डाळ भरून झाली. करायला काही उरलं नाही की आम्ही दोघी दोन भिंतींना टेकून बसायचो.

इथे धुळ्यात माझ्या समोरच्या घरातली माणसं बाहेर जाताना दाराला कडी लावतात, कुलूप घालतात, तो आवाज येतो. अजूनही माझ्या हातातलं काम थांबतं. रिकाम्या घराला कडी घालतायत, हे कळतं. तरी मी एकदा उठून माझं दार उघडून बघते. वहिनींनी मला तसं करताना पाहिलंय. काही वास आला का ताई, असं त्या विचारतात, आणि मी हो म्हणते.

झाड कधी लावावं, यावर लोक खूप बोलतात. पाऊस झाला की, अमावास्या टळली की, सुटी लागली की. लावणाऱ्याची सोय बघतात. माणसाच्या बाबतीतही तेच. माझी बारावी झाली आणि आत्याच्या ओळखीतलं स्थळ आलं, म्हणून ती वेळ. शिरपूरचं घर पक्कं होतं, म्हणून ती जागा. कुणी वाईट चिंतलं नव्हतं. आबांनी तेव्हा दगड ठेवून पाहिला नव्हता. मला वाटतं, त्या महिन्यात ते हेच मनात घोळवत असावेत. मी कधी विचारलं नाही.

पाऊस आला. दोन-तीन चांगले झाले, शेतं वापशावर आली, पेरण्यांची धांदल उडाली. आणि एका सकाळी काडीला वरच्या टोकाशी तांबूस फूट दिसली. नखाएवढी पानं, तुकतुकीत. मी इकडेतिकडे पाहिलं आणि वरचं गोणपाट खाली ओढून घेतलं. पावसाळ्यात झाडाला उन्हापासून आडोसा! वेडेपणाच की. पण मी दोन दिवस तो वेडेपणा केला. तिसऱ्या दिवशी माय शेण टाकायला गेली असताना वाऱ्यानं गोणपाट उडालेलं होतं. ती वाकून बघत होती. मी ओट्यावरून पाहत होते. तिनं ती तांबडी पानं पाहिली, मग गोणपाट उचलून झाडावर नीट घातलं आणि वाऱ्यानं जाऊ नये म्हणून त्यावर वीट ठेवली. घरात येऊन मला म्हणाली, चहा ठेव. मी चुलीपाशी बसून रडले, धुराच्या नावावर.

पण झाड किती दिवस झाकणार? आषाढात नाना आले. या वेळी केळी नव्हती. नवऱ्यानं निरोप पाठवला होता की आता न्यायचंच. नाना सरळ अंगणात गेले, त्यांनी गोणपाट बाजूला केलं. झाड वीतभर वाढलं होतं. कुणालाही दिसावं असं हिरवंगार, वाऱ्यावर हलणारं. लागलं की, आबा, असं ते म्हणाले, आणि त्यांना खरंच आनंद झाला होता.

आबा गोठ्यात गेले आणि कुदळ घेऊन आले. म्हणाले, जागा चुकली. इथे पावळीचं पाणी पडतं, मुळ्या भिंतीत जातील, हलवायला पाहिजे. आणि खणायला लागले. मी आयुष्यात आबांना लागलेलं झाड उपटताना पाहिलं नव्हतं. ते वरून नीट खणत होते, पण मूळ खोल गेलं होतं आणि हात घाईत होते. एक मुळी तुटल्याचा आवाज आला. आबांचा चेहरा असा झाला की मला बघवेना. शेवटी ते झाड हातात घेऊन उभे राहिले, आणि नानांना म्हणाले की आता नवीन जागी पुन्हा लागू द्यावं लागेल. तोवर बाईला...

नाना भोळे होते, पण इतके नाही. रागावले नाहीत. हलक्या आवाजात म्हणाले, "आबा, असं कितला डाव उपटशात?"

किती वेळा उपटाल. आणखी एक जागा, आणखी एक सबब, एवढंच आबांपाशी होतं. माझी पोरगी जाणार नाही, हे त्यांच्या तोंडून निघत नव्हतं. व्याह्यांपुढे, गावापुढे, सोयरीक चाललेल्या मुलापुढे ते निघणं शक्य नव्हतं. ते त्यात माझ्याइतकेच अडकले होते. त्यांच्या बोटांमधून माती गळत होती, मुळं उघडी पडली होती, आणि ते खाली बघत होते.

"नाना, झाडाला काही झालेलं नाही," मी म्हणाले. "मी येणार नाही."

मी हे शाळेतल्या मराठीत बोलले. घरच्या बोलीत मोठ्या माणसाला नाही म्हणायची मला सवयच नव्हती. मग मी कडीचंही सांगितलं, सगळं, अंगणात उभं राहून, शेजारच्या भिंतीवरून दोन डोकी वर आलेली असताना. नानांना ते माहीत नव्हतं. त्यांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा मायकडे पाहिलं. माय दारात उभी होती, तिनं नजर खाली घातली नाही. नानांनी चहा घेतला नाही. चपला घालताना आबांना एवढंच म्हणाले की मुळं उघडी आहेत, आधी ती झाका. आणि गेले.

ते पुन्हा आले, इतर लोक आले, बैठका झाल्या, माझ्या भावाची ती सोयरीक मोडली. ते सगळं पुढचं. त्या वेळी अंगणात फक्त आम्ही तिघं होतो. आबा तसेच उभे. मला वाटलं, ओरडतील. त्यांनी मला विचारलं, "मंग हाई आते कोठे लावू, बाई?"

आमच्या घरात झाड कुठे लावायचं, हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं. आत्यांना नाही, मायलासुद्धा नाही. भिंतीकडे पाहिलं, फाटकाकडे पाहिलं, मोरीकडे पाहिलं. मग मी अंगणाच्या मधोमध जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, इथे.

इथे ट्रॉली वळायची नाही, आबा म्हणाले. मी म्हटलं, नाही वळली तर नाही वळली. त्यांनी एकदा मान वर करून आभाळाकडे पाहिलं, बोट खुपसून माती बघितली. मग झाड माझ्या हातात धरायला दिलं आणि तिथे खणायला सुरुवात केली.